मंडपवाल्यांचा बंद ट्रेलर झोपण्याजोगा करायचाय, सुतार येण्याआधी सल्ला हवा (नाशिक)

मखमलाबादची सून:

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांचा मंडप आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा होता. पातेली, पराती, झारे, ताटांच्या थप्प्या न्यायला-आणायला त्यांनी एक बंद बॉडीचा ट्रेलर बनवून घेतला होता. एका एक्सलचा, दोन चाकांचा. आतून पत्र्यापासून पत्र्यापर्यंत १० फूट लांब, ६ फूट रुंद, उंचीही साधारण तेवढीच. मी आत ताठ उभी राहते, नवऱ्याला मान वाकवावी लागते. बाहेरून पत्रा, आतून चौकोनी पाइपाच्या बरगड्या तशाच उघड्या, खाली चेकर्ड प्लेट (पाय घसरू नये म्हणून नक्षी असलेला जाड पत्रा). मागे दोन झडपांचं दार, त्याला बाहेरून उभा रॉड आणि कडी. खिडकी एकही नाही. धंदा आवरला तेव्हापासून तो मळ्यात ताडपत्रीखाली उभा आहे. दार उघडलं की अजून बुंदीच्या तुपाचा वास येतो. सासूबाई म्हणतात तो वास लक्ष्मीचा आहे. मला तो आधी घालवायचाय.

ओढायला बोलेरो आहे, तिला मागे हुक बसवलेला आहे. ट्रेलरला स्वतःचा एमएच १५चा नंबर आहे, आरसी सासऱ्यांच्या नावावर. कागदावर रिकामं वजन ४८० किलो, भरून १००० किलो.

आम्ही तिघं, मुलगी आठवीत. हौस पक्ष्यांची. हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी निघायचं, नांदूर मध्यमेश्वरच्या अलीकडे नवऱ्याच्या मावसभावाचा द्राक्षाचा मळा आहे तिथे ट्रेलर लावायचा, झोपायचं, आणि उजाडायच्या आत चापडगावच्या मनोऱ्यावर. चक्रवाक आणि थापट्या सकाळी सातनंतर बघण्यात मजा नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सध्या आम्ही मखमलाबादहून पहाटे साडेतीनला उठून जातो आणि परत येताना नवरा स्टिअरिंगवर पेंगतो, म्हणून हा खटाटोप. उन्हाळ्यात भंडारदरा, जमलं तर सापुतारा. पावसाळ्यात कुठेच नाही.

टीव्ही, फ्रिज, एसी काही नको. पाठ टेकायला कोरडी जागा हवी, डास नकोत, आणि उठल्यावर चहा. तंबूचं सुचवू नका, माझ्या कंबरेला जमिनीवरून उठणं झेपत नाही.

अडचण अशी की नवऱ्याने परदेशातले व्हिडिओ बघून वहीत नकाशा काढलाय. चारही भिंती आणि टप १८ मिमी प्लायने मढवायचा, खाली ड्रॉवरवाला पलंग, मागे ओटा, ओट्यात सिंक, वर कपाटं. सुतार माप घेऊन गेलासुद्धा. तिकडचे लोक असंच करतात म्हणे. मला मात्र यात काहीतरी उलटीकडून सुरू होतंय असं वाटतं. सगळं मिळून बजेट ६० हजार. सुताराच्या हातात पैसे देण्याआधी कशाला हात घालू? आणि पत्रा कापून खिडकी काढली तर आरटीओची भानगड होते का?

पेठ रोडच्या रांगेत:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सुतारापेक्षा ते महाग पडू शकतं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत त्यांच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि कायद्याच्या लेखी ट्रेलर हेही वाहनच. आत गादी टाकली, दिवा लावला, पाण्याचा जार ठेवला तर ते सामान झालं. पण टप उंच करणं, दांडी (बोलेरोच्या हुकाला जोडायचा पुढचा दांडा) लांबवणं, बॉडीची मापं बदलणं यात पडू नका. खिडकी आणि दाराच्या बाबतीत पत्र्याला कटर लावण्याआधी आरसीची प्रत आणि साधं हाताने काढलेलं चित्र घेऊन पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात जा आणि लेखी अर्ज टाका. तोंडी 'चालतंय की' वर विसंबू नका, ते सांगणारा नाक्यावर तुमच्यासोबत उभा नसतो.

मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेसची, म्हणजे वाहन रस्त्यावर चालण्याजोगं असल्याच्या दाखल्याची, तारीख बघा. इतकी वर्षं उभा आहे म्हणजे बहुतेक संपलेली असणार. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवतात. आणि सासरे सही करायला आहेत तोवर ट्रेलर नवऱ्याच्या किंवा तुमच्या नावावर करून घ्या. वारसाचं काम लांबतं.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, ते कुणीतरी इथे तुमच्या तोंडावर फेकेलच. त्याचा रोख पर्यटन व्यवसायावर आहे. एआयएस-१२४ हे मानकही स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटर कॅरव्हॅनचं आहे. घरच्या घरी केलेल्या ट्रेलरला त्यातून आपोआप मोकळीक मिळत नाही.

एक गोष्ट मात्र विचारण्यासारखीसुद्धा नाही: ट्रेलर चालू असताना आत माणूस नको. मुलगी पेंगली म्हणून मागच्या गादीवर टाकली, असं कधीही करू नका.

पत्रा-रिव्हेट:

अंबडला शॉप आहे, आयुष्य बस बॉडी आणि कंटेनर बॉडीत गेलं. ताई, तुम्हाला उलटं वाटतंय ते बरोबर वाटतंय. सुताराला फोन करून थांबवा. माणूस चांगला असेल, पण त्याला घराची सवय. घर खड्ड्यातून जात नाही.

पहिलं काम ट्रेलरच्या खाली. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना टेकू द्या आणि टॉर्च घेऊन खाली सरका (म्हणजे नवऱ्याला सरकवा). जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिसचे चॅनेल, आडवे तुकडे आणि दांडी जिथे चेसिसला वेल्ड केली आहे तो सांधा ठोकत जा. खणखणीत आवाज आला की पुढे. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला की खडूची खूण. ताडपत्रीखाली उभं राहिलेलं लोखंड वरून नाही, खालून सडतं. गवताची ओल वर चढते आणि ताडपत्री तिला बाहेर जाऊ देत नाही. दांडीच्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली तरी रंग मारून झाकायची नाही, वेल्डरकडे न्यायचं. तो सांधा गेला तर रस्त्यात ट्रेलर सुटतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा त्यात काही दोष नसतो. दांडीला सेफ्टी चेन आहे का तेही बघा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३६१४ असेल तर टायर २०१४च्या ३६व्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी असली तरी बाजूला बारीक भेगा असतील तर टायर मेलेला आहे. हब उघडून बेअरिंग धुवा, नवं ग्रीस, नवे सील. तुमच्या ६० हजारांतला मोठा वाटा इथेच जाणार आणि फोटोत त्यातलं काही दिसणार नाही. ते आधीच नवऱ्याला सांगून ठेवा.

आता १८ मिमी प्लाय. तुमच्या दोन लांब भिंती १२० चौरस फूट, पुढची ३६, टप ६०. झाले २१६. आठ बाय चारच्या सात शीट लागतील. १८ मिमीची एक शीट ३३ किलोच्या आसपास भरते. म्हणजे नुसतं मढवण्यातच २३० किलो गेले, अजून पलंग नाही, ओटा नाही, पाणी नाही. कागदावर तुमच्याकडे एकूण ५२० किलोची जागा आहे आणि त्यातली जवळजवळ निम्मी भिंतींना दिली. ४ मिमीच्या सात शीट पन्नास-पंचावन्न किलोत बसतात. भिंतीला टेकून कुणी नाचणार नाहीये, ४ मिमी पुष्कळ.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे हे महत्त्वाचं. दांडीवर, म्हणजे बोलेरोच्या हुकावर, एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा. थोडा जास्त चालेल, पण हुकाच्या आणि गाडीच्या मर्यादेच्या आत. कमी झाला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा लागला की ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो, त्याने आणखी बिघडतं. (तसं झालं तर ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा.) नकाशातला ओटा, सिंक, कपाटं सगळी मागच्या टोकाला आहेत. म्हणजे नेमकी उलटी. मोजायला घरातला बाथरूमचा वजनकाटा पुरतो: सपाट जागेवर, दांडीचं टोक हुकाच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा आणि त्यावर दांडी टेकवा. पाण्याचे जार एक्सलच्या वर किंवा जरा पुढे. २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, पाणी काही सवलत देत नाही.

मग दार. हे नीट वाचा. तुमचं दार बाहेरून रॉडने बंद होतं आणि आतून उघडत नाही, कारण ते पातेल्यांसाठी केलेलं आहे, पातेल्यांना बाहेर यायचं नसतं. रात्री कुणी गंमत म्हणून किंवा खोडी म्हणून बाहेरची कडी सरकवली तर तिघं आत अडकलात. वाऱ्याने झडप आपटून रॉड अर्धवट बसल्याचंही मी पाहिलंय. दोन गोष्टी करायच्या. एक, आतून ओढता येईल असा खटका रॉडला जोडायचा. कंटेनरवाल्यांना सांगितलं की करून देतात. दोन, मुक्कामाला पोचलात की बाहेरच्या कडीत ती उघडी असतानाच कुलूप घालायचं, म्हणजे ती कुणाला सरकवताच येणार नाही. किल्ली आत, दाराशेजारी खिळ्यावर.

आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता हवाच. बस बॉडीवाल्यांकडे ॲल्युमिनियम चौकटीची सरकती काच मिळते, रबर बीडिंगसकट. माणूस बाहेर पडेल एवढी घ्या, दोन फूट बाय दीड फुटाहून लहान नको. वरच्या भाऊंनी सांगितलेला अर्ज टाकूनच कापा. बरगडी कापायची नाही, दोन बरगड्यांच्या मध्ये बसवायची. न बसल्यास चौकटीभोवती पाइप फिरवून मगच मधली काढायची. कापलेल्या कडेला त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग). उद्यावर टाकलं की गंज तिथूनच सुरू.

हवा. थंडीत सगळे फटी बुजवतात आणि सकाळी गाद्या ओल्या. तिघं माणसं रात्रभर श्वासातून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. पत्रा गार, मग इडलीपात्राच्या झाकणासारखं ते टपावर जमतं आणि तोंडावर टपकतं. उपाय थर्मामीटरचा नाही, वाऱ्याचा. खाली एक जाळीची झडप, समोरच्या बाजूला वर एक, दोन्ही थंडीतही थोड्या उघड्या. टपाला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, टपाचं भोक आज ना उद्या गळतंच. वरची झडप भिंतीतच टपाखाली घ्या, बाहेरून पावसाळी टोपी.

भिंतीत काचलोकर नको, ओली झाली की बसून राहते. बरगड्यांच्या मध्ये २५ मिमीच्या एक्सपीएस शीट बसवा, ते घट्ट थर्माकोल येतं ना ते. कडा फोमने आणि टेपने बंद, कारण फटीतून आत गेलेली हवा पत्र्याला लागली की तिथे पाणी. आधी टप, मग उन्हाची बाजू, पैसे उरले तर बाकी. टपाला बाहेरून गच्चीवर मारतात तो पांढरा उष्णतारोधक रंग. भंडारदऱ्याला मे महिन्यात त्याचा जेवढा उपयोग होईल तेवढा पंख्याचा होणार नाही. एक ध्यानात ठेवा, एक्सपीएस पेटलं तर काळा विषारी धूर करतं. म्हणून वर ४ मिमी प्लाय हवाच, आणि आत ज्योत अजिबात नको.

आता पलंग. भिंती मढवल्यावर आतली रुंदी पाच फूट दहा इंच उरेल. नवरा मान वाकवतो म्हणताय, म्हणजे आडवा झोपला तर पाय दुमडून झोपेल. म्हणून लांबीत झोपा. पुढचे साडेसहा फूट झोपायला, मागचे साडेतीन उभं राहायला. प्लायचा डबा करू नका. १ इंची पाइपाच्या दोन चौकटी करून घ्या आणि त्यावर नवार विणून घ्या, एक दोघांची, एक मुलीची, चार-चार बोल्टवर, पाना लावला की बाहेर. नवारीखालून हवा खेळते, गादीला बुरशी येत नाही, वजन प्लायच्या निम्मंसुद्धा नाही. खाली क्रेट सरकवा, तेच ड्रॉवर. सगळं बोल्टने, काही वेल्ड नाही. उद्या घरात कार्य निघालं तर सासरे चौकटी उतरवून त्यात परत पातेली भरतील.

तर क्रम असा झाला की सुतार शेवटी, आणि शक्यतो येऊच नये.

सह्याद्री पायी:

ताईंनी तंबू नको म्हटलंय, मान्य. पण कुणी हे विचारलंच नाही: बोलेरोला ट्रेलर लावून रिव्हर्स घेता येतो का? मळ्याच्या वाटेवर समोरून द्राक्षाचा ट्रॅक्टर आला की काय करणार? आमच्या ओळखीत एकाने हौसेने ट्रेलर घेतला आणि पहिल्याच शेतरस्त्यावर हुक सोडून चौघांनी ढकलत मागे घेतला. ६० हजारांत बोलेरोच्याच मागच्या सीट पाडून फळी टाका, दोघांची सोय होते. मुलगी पुढच्या सीटवर.

निफाडचा गारठा:

मुलगी पुढच्या सीटवर झोपेल असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात एकदा इकडे यावं. दर थंडीत पेपरात 'निफाडचा पारा घसरला' छापून येतं ना, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा असतो, आणि पाच-सहा अंश ही आमच्याकडे बातमी राहिलेली नाही. नदीकाठच्या मळ्यात त्याहून बोचरं वाटतं. आम्ही द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो.

त्यावरूनच सांगतो. तुमचा मावसभाऊ प्रेमाने निखाऱ्यांची घमेली आणून देईल, 'आत ठेवा वहिनी, ऊब राहील' म्हणेल. घेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, धूर नाही, खोकलासुद्धा येत नाही, झोप गाढ होत जाते एवढंच. पत्र्याच्या बंद खोलीत तर नाहीच नाही. गोधडी, कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी, याच्यापुढे जायचं नाही.

चहाही बाहेरच. ५ किलोचा छोटा सिलिंडर प्रवासात उभा बांधून, रेग्युलेटर काढून आणि झाकण लावून. मुक्कामाला तो आत झोपायच्या जागेत नको; गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो आणि तुमची खाट नेमकी त्याच्या वर. मागच्या दाराबाहेर स्टूल मांडायचं, वाऱ्याच्या आडोशाला एक झडप अर्धी लोटायची, चहा होतो.

जागेचं म्हणाल तर मळा सोडू नका. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) त्याचं नाव २०२० मध्ये जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. पाण्याच्या काठी रात्री गाडी लावून झोपायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती गृहीत धरू नका. मळ्यातही बागेच्या बांधावर नको, फवारणीचा ट्रॅक्टर पहाटेच निघतो. विहिरीच्या बाजूला घट्ट मुरमाची जागा मागून घ्या. काळ्या मातीत दव पडल्यावर बोलेरो निघेल, ट्रेलर निघणार नाही.

मखमलाबादची सून:

सगळ्यांचे आभार. सुताराला थांबवलं. नवरा फुगून बसला होता, पण २३० किलोचा हिशेब वाचल्यावर वहीतलं पान स्वतःच फाडलं.

खाली सरकून ठोकून झालं. चेसिस खणखणीत आहे, दांडीचा सांधाही. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी चेकर्ड प्लेटखाली दोन ठिकाणी भद्द आवाज, तिथे पापुद्रा हाताने निघाला. सासरे म्हणाले तिथूनच पाण्याचे पिंप ओढायचे. टायरवर शेवटचे दोन आकडे ११ निघाले. नक्षी खरंच नवीकोरी. दोन्ही बदलतोय. सेफ्टी चेन नव्हतीच.

वजनकाट्यावर दांडी टेकवली, रिकाम्या ट्रेलरला ३१ किलो दाखवले. ४८०च्या हिशेबाने हे कमी झालं ना? की गादी-सामान पुढे आलं की आपोआप वाढेल?

विजेचं कुणी बोललं नाही. आम्हाला दोन दिवे, एक पंखा, तीन मोबाइल, कॅमेऱ्याची बॅटरी, बस. घरातली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, ती चालेल का? आणि रिव्हर्सचं सह्याद्री पायी म्हणतात ते खरं आहे, सासऱ्यांना जमायचं, नवऱ्याला नाही.

बारा व्होल्ट:

इन्व्हर्टरची बॅटरी झोपायच्या जागेत नको ताई. ॲसिडची आहे, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, खड्ड्यात सांडते, आणि पन्नास-साठ किलोची असते. शिवाय जुनी.

तुमचा खर्च मोजूया. १२ व्होल्टचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २५ वॅटचा, रात्रभर आठ तास म्हणजे २०० वॅट-तास. ५ वॅटचे दोन दिवे चार तास, ४०. मोबाइल आणि कॅमेरा मिळून ६०-७०. एका रात्रीला ३०० च्या थोडं वर. थंडीत पंखा नाहीच, मग शंभरेक. १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तास देते. उन्हाळ्यातही दीड-दोन रात्री निघतात, वजन पाच-सात किलो. घरून भरून न्यायची, आल्यावर परत भरायची. सोलर पॅनेल आत्ता घेऊ नका. टपाला भोकं पाडण्याविषयी रिव्हेटकाका काय म्हणाले ते वाचलंच असेल.

बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज, वीतभराच्या आत. फ्यूज वायर वाचवायला असतो, दिवा वाचवायला नाही; लांब लावला तर मधल्या वायरीला संरक्षण राहत नाही. मुख्य वायर ४ चौ. मिमी, दिव्यांना दीड. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला, नाहीतर रस्त्याच्या हादऱ्याने कडेवर घासून घासून इन्सुलेशन जातं, मग शॉर्ट. २३० व्होल्ट आत आणूच नका.

आणि मागचे दिवे तपासा. टेल, ब्रेक, इंडिकेटर, बोलेरोच्या सॉकेटशी जोडून एकेक लावून बघा. जुन्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा अर्थिंगची वायर गंजलेली असते, त्यामुळे डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिचमिचतो.

पत्रा-रिव्हेट:

३१ किलो रिकाम्याला कमी आहेत, पण घाबरू नका. खाटा, गाद्या, पाणी सगळं एक्सलच्या पुढे येणार आहे. सगळं भरून, जसे निघणार तसे, परत काट्यावर ठेवा. समजा एकूण ७०० झालं तर दांडीवर ७०च्या आसपास दिसायला हवेत. नाही दिसले तर सामान पुढे सरकवा. दांडीला दगड बांधू नका, असे महाभाग असतात.

उंबऱ्याचं कुजकं कापून नवा तुकडा वेल्ड करा, वरून पॅच मारू नका, मध्ये पाणी राहतं. हे काम एक्सपीएस चिकटवण्याआधी झालं पाहिजे. नंतर ठिणगी उडाली की संपलं.

हुक सोडून झोपणार असाल तर मागचे टेकू विसरायचे नाहीत. एका एक्सलचा ट्रेलर तराजूच आहे, दोघं मागे उभे राहिलात की दांडी वर आणि तुम्ही दारातून खाली. चाकांना ठोकळे आधी, हुक नंतर. परत जोडताना उलटं.

घाटाचं. तुमच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसणार, तेव्हा सगळा भार बोलेरोच्या ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणाला लागत नाहीत. जळका वास आला तर थांबायचं आणि चहा प्यायचा. मोकळ्या रस्त्यालाही ५०-६०च्या वर नको.

रिव्हर्स शिकायला रविवारी सकाळी रिकामं मैदान. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. ट्रेलर ज्या बाजूला वळवायचा त्या बाजूला हात न्यायचा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर दुमडतो, म्हणून अर्धा फूट, थांबा, पुढे घ्या, परत अर्धा फूट. सासऱ्यांना शेजारी बसवा, पण बोलू देऊ नका.

मखमलाबादची सून:

सासऱ्यांना बोलू देऊ नका हे तुम्हीच येऊन सांगा काका.

अर्ज लिहायला घेतलाय, चित्र मुलीने काढलं. एकच राहिलं: खिडकी डाव्या अंगाला काढू की उजव्या? मुलीची खाट उजवीकडे येतेय, तिला खिडकी हवी म्हणून ती चित्रात दोन्हीकडे काढून मोकळी झालीय.

पत्रा-रिव्हेट:

डाव्या. रस्त्याकडेला कधी थांबावं लागलं आणि खिडकीतून बाहेर पडायची वेळ आली तर पाय कच्च्या पट्टीवर पडले पाहिजेत, डांबरावर नाही. मुलीची खाटच डावीकडे घ्या.